आखडलेल्या सकाळचं मस्टर

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांतला कामाचा दिवस ९ तासांवरून १० तासांवर आणि कारखान्यांतला १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली, तेव्हा सगळा कल्ला झाला तो ‘किती तास’ यावर. ओव्हरटाइमचे पैसे खरंच मिळणार का, कामगाराची संमती कोण विचारणार, वगैरे. सगळे प्रश्न रास्तच. पण १२ ऑक्टोबर हा जागतिक संधिवात दिन. त्यामुळे त्या वादात कुणी न विचारलेला प्रश्न विचारतो: कुठले तास?

आमच्या शेजारच्या काकू एका बँकेत आहेत. दुपारी दोन वाजता त्यांना काउंटरवर पाहिलं तर या बाईला काही आजार आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. त्याच काकूंना सकाळी सहा वाजता ब्लाऊजचा हूक लावता येत नाही. कणीक मळणं सोडाच, टूथपेस्टचं झाकण फिरत नाही, मूठ वळत नाही. त्यांना आमवात आहे, डॉक्टरी भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. म्हातारपणी गुडघे झिजतात तो वात वेगळा. हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच सांध्यांवर उठण्याचा आजार. तो ऐन नोकरीच्या वयात, तिशी ते साठीच्या दरम्यान गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट.

सांध्यांचे डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारतात, ‘सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेलं असतं?’ अर्ध्या तासात सुटत असेल तर बहुधा झीज. तास-दीड तास लागत असेल तर संशय आमवाताचा. हे काही अंथरुणात लोळण्याचं निमित्त नव्हे. इंटरल्युकिन-६ नावाचं, दाह भडकवणारं द्रव्य या रुग्णांच्या रक्तात पहाटे चढतं, आणि त्याला आवर घालणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल त्या मानाने तोकडं पडतं. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. रात्री झोपताना घ्यायची, पण पोटात मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास विरघळणारी स्टेरॉइडची गोळी. तोच डोस सकाळी घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचं सकाळचं आखडणं बरंच कमी झालं. गोळीचं वेळापत्रक बदलता येतं. हजेरीचं यंत्र मात्र ९.४५ म्हणजे ९.४५.

सकाळची ही तास-दीड तासाची गोष्ट ऑफिसांच्या डोक्यात शिरत नाही. फार दया आली तर एक गुबगुबीत खुर्ची मागवतात. खुर्चीला माझी हरकत नाही, पण पाठीच्या कण्याचा वात, म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असलेल्या पंचविशीतल्या पोराला ‘तुझं बरंय, बसून काम आहे’ असं म्हणणाऱ्या साहेबाला माझी हरकत आहे. त्या आजारात विश्रांतीने दुखणं वाढतं आणि हालचालीने सुटतं. त्याला खुर्ची नको, दर अर्ध्या तासाला उठून चार पावलं टाकायची मुभा हवी, आणि उठला की मान वर करून बघणारा साहेब नको.

अशी माणसं असतात तरी किती? याचा भारतातला एक चांगला हिशेब आपल्याच पुणे जिल्ह्यात मांडला गेला. भिगवण म्हटलं की लोकांना उजनीच्या पाण्यातले फ्लेमिंगो आणि हॉटेलातले मासे आठवतात. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाखाली तिथे पाहणी सुरू केली. दवाखान्यात येईल तो रुग्ण, अशी मोजणी नव्हती. घरोघरी जाऊन ‘काय दुखतं, कुठे दुखतं’ असं विचारलं गेलं. सुमारे ४ हजार प्रौढांपैकी १८ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं कुठल्याच ठरावीक नावात बसत नव्हतं. कामाने पिचलेलं शरीर, एवढंच त्याचं निदान. आमवात मात्र अर्धा टक्का, म्हणजे २०० प्रौढांत एक. संधिवातावरच्या भाषणांत मोठमोठे आकडे फेकले जातात. मला हा छोटा आकडा जास्त बोलका वाटतो. ढोबळ हिशेबाने २०० माणसांच्या प्रत्येक कचेरीत असा एक जण निघेल, आणि बहुधा तो कुणाला सांगत नसेल.

न सांगण्याचं एक कारण म्हणजे टक्केवारी. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर आरक्षण आणि बाकी सवलती. पण आज ६० टक्के वाटणारा आणि पंधरा दिवसांनी १० टक्क्यांवर येणारा आजार दाखल्यावर कसा लिहिणार? खरं तर सगळंच टक्क्यांवर अडायला नको. ‘विकास कुमार विरुद्ध यूपीएससी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं, की वाजवी सोय मागायला ४० टक्क्यांची अट नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक हवा होता, त्याचा हा निकाल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या नियमांनुसार २० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने आपण दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार, हे समान संधी धोरणात लिहायचं असतं. दुकानांसाठीचा नवा दहा तासांचा दिवसही २० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठीच आहे. म्हणजे आस्थापना त्याच. तास वाढवल्याची नोटीस तिथे तातडीने लागेल. सोयींचं धोरण तुमच्या ऑफिसात भिंतीवर पाहिलंय कधी?

उपचारांचाही वाराशी संबंध आहे. आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं (चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं). घेतल्यावर अनेकांना दुसऱ्या दिवशी मळमळतं, अंग मोडून येतं. म्हणून नोकरदार रुग्ण ती गोळी सुटीच्या आदल्या रात्री घेतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २०२०पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. त्यांची शुक्रवारची गोळी शनिवारी निस्तरते. हेच औषध घेणाऱ्या मॉलमधल्या मुलीची साप्ताहिक सुटी मात्र दर आठवड्याला बदलते. औषधाचा वार असा दर आठवड्याला बदलता येत नाही, म्हणून ती मळमळत दहा तास उभी राहणार.

काकूंचा प्रश्न मध्यंतरी सुटला होता. शाखेच्या जुन्या मॅनेजरने त्यांना तासभर उशिरा येऊन तासभर उशिरा जायला सांगितलं होतं. त्यांना कॅशवरून काढून कर्जाच्या कागदपत्रांवर बसवलं, कारण नोटा मोजताना अंगठा सुजायचा. काकूंचं काम कुठे अडलं नाही. पण हे सगळं तोंडी होतं. जूनमध्ये मॅनेजरची बदली झाली. नव्या साहेबांनी हजेरीचा तक्ता काढला, त्यात महिनाभर लेट मार्क दिसले, आणि त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला. आता काकू पहाटे चारचा गजर लावतात. गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसतात, म्हणजे साडेसहापर्यंत बोटं वळायला लागतात आणि ७.५२ची लोकल मिळते.