थोडे, पण नित्य
दादर-परळच्या मुस्लिम घरांत मगरिबच्या अजानला खजूर आणि पाण्याने रोजा सुटतो. खरी परीक्षा त्यानंतर. समोर भजी, समोसे, गोड सरबत असते आणि दिवसभर आवरलेला हात आता आवरत नाही.

पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही पैगंबरांची शिकवण. थोडे, पण नित्य केलेले काम अल्लाहला प्रिय, हीही त्यांचीच. म्हणून या आठवड्यात भजी निम्मी, पुढच्या आठवड्यात सरबतातली साखर निम्मी. तरावीहच्या नमाजानंतर घरी पायी. मधुमेहींनी मात्र डॉक्टरांना विचारूनच रोजा धरावा. आजाऱ्याला कुराणानेच सवलत दिली आहे.

ईदनंतर हीच पावले सकाळी शिवाजी पार्ककडे वळावीत. कट्ट्याच्या कडेने शेजारचे काका रोज चालतातच. त्यांनाही सोबत होईल.