अक्षरं गळणारा डॅशबोर्ड

बीएमडब्ल्यूची ‘ई३९’ गाडी १९९५ साली आली. जाणकार अजूनही तिच्या चालीची तारीफ करतात. मालकांच्या गप्पांत मात्र तिच्या डॅशबोर्डवरच्या गळक्या अक्षरांचा विषय हमखास निघतो. किलोमीटरचा आकडा आणि सूचना दाखवणाऱ्या पट्टीतल्या उभ्या रेघा एकेक करून नाहीशा होतात. आठाचा तीन दिसू लागतो, सूचना अर्धवट उमटते. इंजिन ठणठणीत असतं, वाचा तेवढी बसलेली. साबच्या जुन्या गाड्यांनाही हेच दुखणं आहे.

संशय आधी महागड्या चिपवर जातो, पण ती बहुधा निर्दोष सुटते. या पट्टीतल्या एलसीडीच्या काचेवरचे विजेचे मार्ग पारदर्शक आणि अतिपातळ थराचे असतात. त्यांना साधं सोल्डर धरत नाही. म्हणून सर्किट बोर्डापासून काचेपर्यंत एक पातळ रिबन केबल वीजवाहक कणांच्या गोंदानं, उष्णता आणि दाब देऊन चिकटवतात. उन्हात तापणं आणि रात्री गार होणं वर्षानुवर्षं चालू राहतं. काच, प्लास्टिक आणि गोंद यांचं प्रसरण सारखं नसल्यामुळे जोड कडेनं सुटू लागतो. हवा बदलली की गेलेल्या रेघा कधी कधी परतही येतात आणि मालक दुरुस्ती पुढे ढकलतो.

ती करायची म्हणजे हाताची स्थिरता लागते. बॅटरी सोडवून मीटरांचा संच, म्हणजे क्लस्टर, बाहेर काढायचा. अंगातली स्थिर वीज चिपला लागू नये म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायचा. जुनी रिबन अलगद सोलून गोंदाचा अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा. मग नवी रिबन रेघेला रेघ जुळवून बसवायची आणि मध्ये सिलिकॉनची पट्टी धरून रुंद टोकाच्या तापत्या सोल्डरिंग आयर्ननं दाबायची. ताप कमी पडला तर जोड धरत नाही, जास्त झाला तर रिबन जळते. जुळणी केसभर हुकली की शेजारच्या रेघा एकमेकींना भिडतात. माझ्या मते हे काम संगणकतज्ज्ञापेक्षा घड्याळजीच्या जातीचं आहे.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा भंगारातला क्लस्टर का बसवू नये? कारण क्लस्टर ही गाडीची चोपडीही आहे. किलोमीटरचा आकडा आणि चासी क्रमांक त्याच्या स्मृतीत असतात. ई३९मध्ये त्यांची एक प्रत दिव्यांचं नियंत्रण करणाऱ्या मॉड्युलमध्येही ठेवलेली आहे. दोन्हींत मेळ बसला नाही तर आकड्याजवळ एक ठिपका पेटतो. जुना भाग दुरुस्त करून परत बसवला की हा प्रश्नच उद्भवत नाही.

अडचण अशी, की जो क्लस्टर उघडू शकतो त्याला ती स्मृती बदलण्याची वाटही बहुधा ठाऊक असते. ‘मीटर मागे घेणं’ आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारालाही नवं नाही. जर्मनीनं २००५ साली ओडोमीटरशी छेडछाड हा गुन्हा ठरवला. शिक्षा दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. बेल्जियमचा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. तिथे २००६पासून ‘कार-पास’ ही व्यवस्था आहे. गॅरेजवाल्यानं गाडीवर काम केलं की मीटरचा आकडा कळवायचा आणि गाडी विकताना त्या नोंदींचा दाखला खरेदीदाराला द्यायचा. त्यामुळे गाडीचा हिशेब क्लस्टरच्या एकट्या चिपवर अवलंबून राहत नाही, आणि प्रामाणिक कारागिरालाही प्रत्येक वेळी आपली सचोटी सिद्ध करत बसावं लागत नाही.