जुने दार, नवे घर

वाडा पाडला की त्याची सागवानी दारे, खिडक्या, तुळया आणि कौले जुन्या बाजारात येतात. पूर्वी ती गरजेपोटी घेतली जात. हल्ली हौसेनेही घेतली जातात. निवृत्तीनंतर गावी दोन खोल्यांचे घर, डोक्यावर कर्ज नाही, झाडलोट सोपी आणि उंबरठ्याला जुने, मुरलेले लाकूड. हौस चांगलीच आहे.

आपल्याकडे या विचाराला प्रतिष्ठा दिली ती लॉरी बेकर यांनी. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मलेले हे वास्तुविशारद १९४५ मध्ये भारतात आले ते कुष्ठरोग्यांसाठी काम करायला. पत्नी एलिझाबेथ डॉक्टर. पिथोरागढच्या डोंगरात दोघांनी सोळा वर्षे दवाखाना चालवला. पाच मैलांच्या आत मिळेल त्या साहित्यातून घर बांधावे, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी आयुष्यभर धरून ठेवला. पुढे केरळात त्यांनी स्लॅबच्या ज्या भागात काँक्रीटला फारसे काम नसते तिथे जुनी मंगलोरी कौले घातली. सिमेंट वाचले, छत हलके झाले. खिडकीऐवजी पुष्कळ ठिकाणी त्यांनी विटांची जाळी ठेवली. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर ही जाळी सर्वांत मोलाची. क्षयाचे जंतू बंद खोलीच्या हवेत तासन्‌तास तरंगतात. खिडकी उघडायची राहून जाते, जाळी मात्र रात्रंदिवस उघडीच असते. खोली जितकी लहान, तितकी समोरासमोरची हवा अधिक गरजेची.

पण जुन्या सामानाबरोबर काही नको असलेले पाहुणेही घरात येतात.

पहिला, जुना तैलरंग. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१७ मध्ये. त्याआधीच्या दारावर रंगाचे जितके थर, तितकी शिशाची शक्यता अधिक. दार नुसते उभे असते तोवर फार बिघडत नाही. सुतार ते कोरडे घासतो किंवा दिव्याच्या ज्योतीने रंग जाळतो, तेव्हा शिसे धुळीत आणि धुरात येते. अंगणात रांगणारे नातवंड तीच बोटे तोंडात घालते. गिळलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेते. पोटदुखी, फिकटपणा, चिडचिड अशा तक्रारींवरून शिशाची शंका सहसा कुणाला येत नाही. बुद्धीच्या वाढीवर झालेला परिणाम बहुधा भरून येत नाही. तेव्हा रंग पाणी मारून ओलाच घासावा, मुले आणि गर्भवती तिथे नसाव्यात, भुगा ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधावा. घासणाऱ्यानेही घरी जाण्याआधी कपडे बदलावेत. मूल अशा धुळीत वावरले असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातील शिसे तपासून घ्यावे.

दुसरा पाहुणा म्हणजे 'सिमेंटचा पत्रा'. जुन्या नालीदार पत्र्यांत बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असते. अखंड पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. कापला, भोक पाडले, फोडला की सुटतात. फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो, म्हणून आज कापणाऱ्याला काहीच वाटत नाही. फुकट मिळाला तरी हा पत्रा घेऊ नये.

रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे बाक आणि जिने अलीकडे फार दिसतात. ते लाकूड किडू नये म्हणून क्रिओसोटमध्ये मुरवलेले असते. उन्हात डांबरासारखा वास येतो तो त्याचाच. कर्करोगाचा संशय असलेल्या पदार्थांत त्याची गणना होते. असे लाकूड घरात वापरू नये आणि उरलेले तुकडे चुलीत तर मुळीच घालू नयेत.

कौले, दगड, विटा, लोखंडी गज, बिनरंगाचा साग हे मात्र निर्धास्त घ्यावे. वाळवी लागली आहे का, एवढे टोचून पाहावे.