डाएट सुरू केलं, मग व्यायाम कधीपासून? चालणं पहिल्या दिवसापासून, ताकदीचा व्यायाम पंधरा दिवसांनी

गावागावांत सध्या वजन कमी करायचं वारं आहे. कुणी भात बंद करतं, कुणी दोनच वेळा जेवतं. पण व्यायामाचा विषय निघाला की दोन टोकं दिसतात. काहीजण म्हणतात, "आधी दहा किलो उतरू दे, मग बघू." काहीजण जेवण निम्मं करतात आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे डांबरी रस्त्यावर पळत सुटतात. पहिल्यात अंगातली ताकद जाते, दुसऱ्यात गुडघे धरतात.

वजन उतरतं कशानं?

सुरुवातीला वजन उतरतं ते मुख्यतः ताटामुळे. ७० किलोचा माणूस अर्धा तास भराभर चालला तर साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावमध्ये त्यापेक्षा जास्त असतात. त्यामुळे खाणं तसंच ठेवून नुसतं चाललं, तर काटा फारसा हलत नाही.

मग व्यायाम कशाला? जेवण कमी झालं की शरीर चरबीबरोबर स्नायूही झिजवतं. काटा खाली येतो, पण पोतं उचलताना हात थरथरतो. स्नायूंना काम आणि पोटाला डाळ, मटकी, हरभरा, अंडी, दूध मिळालं तर ही झीज कमी होते. उतरलेलं वजन परत चढू नये, यासाठीही व्यायामच कामाला येतो.

कधी काय करायचं?

पहिले दोन आठवडे: फक्त चालणं, रोज १५ ते २० मिनिटं. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. अंग अजून नव्या जेवणाला सरावतंय, पळापळ नको. या दिवसांत एक-दोन किलो झटकन उतरतात, पण त्यात बरंचसं पाणीच असतं. हुरळून जाऊन जेवण आणखी तोडू नये.

तिसऱ्या आठवड्यापासून: चालणं हळूहळू ३० ते ४५ मिनिटांवर न्यावं. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम: हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. प्रत्येक दहा वेळा, दोन फेऱ्या.

दोन महिन्यांनी: गुडघे साथ देत असतील तर सायकल, बैठका, थोडं पळणं.

जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळच्या जेवणाच्या पद्धतीतही ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं आहे. लोक जेवणाचं तेवढं धरतात, चालणं सोडून देतात.

शेतातलं काम चालतं का?

खुरपणी, पाठीवर पंप घेऊन फवारणी, ऊसतोड ही मेहनतच आहे. त्या दिवशी वेगळा व्यायाम नको आणि उपाशी तर मुळीच राहू नये, उन्हात चक्कर येते. पण ट्रॅक्टर, ठिबक आणि मोटारसायकल आल्यापासून अनेकांचं काम मोटर चालू-बंद करण्यापुरतं उरलंय. त्यांना चालायलाच हवं.

आधी डॉक्टरांना कुणी विचारावं?

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जास्त सांभाळावं. जेवण कमी आणि व्यायाम जास्त झाला तर रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर-पाणी घ्यावं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. गोळी मनानं बंद करू नये, डोस डॉक्टरांकडूनच बदलून घ्यावा. बीपीचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी, तसंच गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिलांनीही आधी विचारावं. ३० वर्षांवरच्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी आरोग्य उपकेंद्रात मोफत होते. आशाताईंकडे चौकशी करावी.

वजन रोज करू नये. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर करावं. आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरलं तरी भरपूर झालं. काटा थांबला तर कंबर मोजावी. विजार सैल होत असेल तर काम बरोबर चाललंय.