दारातला ट्रॅक्टर आणि वापशाचे दिवस

दारात बैलजोडी असणे हे एके काळी शेतकऱ्याच्या अब्रूचे लक्षण मानले जाई. आज ते स्थान ट्रॅक्टरने घेतले आहे. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. जमीन अशी आक्रसत असताना स्वतःच्या ट्रॅक्टरची ओढ मात्र वाढावी, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे.

वीस-पंचवीस अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरची उपयुक्तता निर्विवाद आहे. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांत दोन ओळींमधून तो सहज फिरतो. फवारणी, आंतरमशागत, वाहतूक करतो. पुढे लोडर बसविला तर शेणखत भरण्याचे कंबर मोडणारे कामही उरकते. मात्र पुढे भार उचलताना मागे तोलाचे वजन हवे. नाहीतर मागची चाके हलकी होऊन यंत्र कलंडण्याचा धोका असतो. कर्जाचेही तसेच आहे. हप्त्यांचा भार उचलावयाचा तर कामाच्या तासांचे वजन मागे हवे, आणि तीन एकरांच्या धन्याकडे एवढे तास येणार कोठून? उभा ट्रॅक्टर वैरण खात नाही हे खरे. पण व्याज थांबत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याने खरेदीचा बोजा हलका झाला, शेत वाढले नाही.

मग भाड्याने का घेऊ नये, असे शहरातला वाचक विचारील. खरी अडचण येथेच आहे. वापसा आला की पेरणीला मोजकेच दिवस मिळतात, आणि त्याच दिवसांत साऱ्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो. पाळी येईपर्यंत ओल उडून जाते. तेव्हा मालकीचा हट्ट हा केवळ मिरविण्याचा सोस नव्हे. हंगाम चुकण्याची भीती त्यामागे आहे.

ही भीती दूर करावयाची तर मालकी वाटून घ्यावी लागेल. पाच-सहा शेजाऱ्यांनी मिळून एक यंत्र घ्यावे. पाळीचा क्रम पेरणीपूर्वीच लेखी ठरवावा व तो दरवर्षी फिरता ठेवावा. बागायतदार व कोरडवाहू असे दोघेही त्यात असावेत, म्हणजे सारी कामे एकाच आठवड्यात कोसळणार नाहीत. सरकारी अनुदानावर उभ्या राहणाऱ्या अवजार बँकांचे यशही किती यंत्रे घेतली यावर नव्हे, तर वापशात किती शेते वेळेवर पेरली गेली यावर मोजावे. सहकारी साखर कारखाने उभारणाऱ्या महाराष्ट्राला पाच शेजाऱ्यांचा एक ट्रॅक्टर चालविणे अवघड वाटू नये.