रुसलेलं पोट : काय सोडायचं, काय परत आणायचं

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत नीट पाहिलं, तर एक-दोन ताटं वेगळी दिसतात. छोले नकोत, बटाटेवडा नको, श्रीखंड नको. नुसता भात आणि त्यावर तूप. कोणी विचारलंच तर "सकाळपासून जरा बरं नाही" एवढंच उत्तर. काही जण नाटकाला बसताना कडेची खुर्ची धरतात, म्हणजे मध्येच उठावं लागलं तर पंचाईत नको. आणि काही जण हळूहळू यायचंच बंद करतात. त्यांतल्या अनेकांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल असतात, त्यामुळे घरचेही म्हणतात, "तुझ्या मनाचे खेळ आहेत."

मनाचे खेळ नाहीत हे. या दुखण्याला नाव आहे : इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस. २०१६ साली ठरलेल्या 'रोम ४' निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखत असेल, ते दुखणं शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या सवयींशी जोडलेलं असेल आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झाले असतील, तर हे निदान केलं जातं. कोणाला जुलाब होतात, कोणाला बद्धकोष्ठ, कोणाला दोन्ही आलटूनपालटून. रोम फाउंडेशनने ३३ देशांत केलेली पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिच्या ऑनलाइन भागात सुमारे ४ टक्के प्रौढांना आयबीएस आढळला. या हिशेबाने तीनशे माणसांच्या कार्यक्रमात दहा-बारा जण तरी याच रांगेतले.

आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते, गाठ नसते. मेंदू आणि आतडं यांच्यात सतत चालणारा संवाद बिघडलेला असतो आणि आतड्याच्या नसा जरा जास्तच हळव्या झालेल्या असतात. जो वायू दुसऱ्याला जाणवतही नाही, तोच या व्यक्तीला मुरडा आणतो.

आधी तपासणी, मग पथ्य

इथे एक चूक सर्रास होते. कोणीतरी सांगतं, "गहू सोड, मला फरक पडला," आणि आपण दुसऱ्याच दिवशी पोळी बंद करतो. सीलिअॅक हा गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आजार आयबीएससारखाच दिसू शकतो, आणि त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच खरी येते. पोळी सोडून दोन महिन्यांनी तपासणी केली तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून आधी रक्त द्या, मग पोळी सोडायची की नाही ते ठरवा.

शौचातून रक्त जाणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, रक्तक्षय, ताप, जुलाबासाठी रात्री झोपेतून उठावं लागणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग वा आतड्याला सूज येण्याचा आजार असणं, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. अमेरिकेत आता आतड्याच्या कर्करोगाची चाचणी वयाच्या ४५व्या वर्षापासून करायला सांगतात. त्रास नसला तरीही ती टाळू नये.

फॉडमॅप आणि आपलं स्वयंपाकघर

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन, स्यू शेफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी आहारपद्धत विकसित केली, ती 'लो फॉडमॅप' नावाने जगभर पसरली. काही प्रकारच्या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि वायू तयार होतो. या साखरांना मिळून फॉडमॅप म्हणतात.

त्या आपल्या ताटात कुठे असतात? कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन असतं. हरभरा, राजमा, छोले, बेसन आणि डाळींत गॅलॅक्टन. दुधात, खव्यात, आइस्क्रीममध्ये लॅक्टोज. पिकलेल्या आंब्यात आणि मधात जास्तीचं फ्रुक्टोज. याउलट तांदूळ, ज्वारी, साबुदाणा, शेंगदाणे, वांगं, बेताची भेंडी, आलं, हळद, जिरं बहुतेकांना सोसतं. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. म्हणजे ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर तूप, हे जेवण मोनॅशच्या कसोटीलाही उतरतं.

कांदा-लसणाशिवाय कसं जेवायचं, हा प्रश्न मराठी माणसाला तरी पडू नये. चातुर्मासात आणि नैवेद्याच्या स्वयंपाकात आपण हिंग, जिरं, आलं, ओलं खोबरं यांवर चव आणतोच. शिवाय फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. त्यामुळे लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या आणि त्या तेलाची फोडणी दिली, तर वास-चव राहते आणि त्रास टळतो. रश्शात शिजवलेला कांदा नंतर वेचून काढण्यात मात्र अर्थ नाही. फ्रुक्टन तोवर रश्शात उतरलेलं असतं. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो. डाळी-कडधान्यांतलं गॅलॅक्टनही पाण्यात उतरतं, म्हणून ती भिजवून ते पाणी टाकून द्यावं. मोड आणल्यावर ते आणखी कमी होतं. आजाऱ्याला मुगाचं वरण देणाऱ्या आजीचा अंदाज बरोबर होता.

इथल्या दुकानातल्या वस्तूंकडेही लक्ष हवं. 'हाय फायबर' म्हणून मिरवणाऱ्या ग्रॅनोला बारमध्ये बरेचदा चिकोरीच्या मुळाचं इन्युलिन असतं, आणि तेही फ्रुक्टनच. शुगर-फ्री च्युइंगगममध्ये सॉर्बिटॉल किंवा झायलिटॉल असतं. सोडा आणि गोड सॉसमध्ये हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप. लेबल उलटून वाचायची सवय इथे कामाला येते.

सोडणं थोडे दिवस, परत आणणं महत्त्वाचं

पहिले दोन आठवडे काहीच सोडू नका, फक्त वही ठेवा. काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी झाला, झोप किती झाली, त्या दिवशी ताण कशाचा होता. मग आहारतज्ज्ञांच्या मदतीने दोन ते सहा आठवडे फॉडमॅप कमी करा. त्रास कमी झाला नाही तर हे पथ्य आपल्यासाठी नाही. ते सोडून द्यावं. कमी झाला, तर एकेक गट परत आणायचा. आज पाव कप दूध, उद्या अर्धा, परवा एक कप. काय होतं ते लिहायचं, मधे दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे आणि मग लसूण, मग पोळी, मग डाळ.

हा परतीचा टप्पाच लोक गाळतात. बरं वाटलं की तेच पथ्य वर्षानुवर्षं चालू ठेवतात. पण फॉडमॅप हे आतड्यातल्या उपयोगी जंतूंचंही अन्न आहे, आणि शाकाहारी माणसाची डाळ कायमची गेली तर प्रथिनं आणायची कुठून? बहुतेकांना शेवटी एक-दोन गटच बाधतात, तेही ठरावीक प्रमाणापलीकडे. एक बेसनाचा लाडू चालतो. लाडू, शेव, चकली आणि वर दुधाचा चहा हे सगळं एका बैठकीत झालं की बेरीज होते. फराळात तळणाचा भाग वेगळाच. भरपूर तेल पोटात गेलं की आतड्याची हालचाल वाढते. म्हणून फराळ एकाच दिवशी सगळा न खाता चार दिवसांत वाटून घ्यावा.

पोटापलीकडचं

मिशिगन विद्यापीठातला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. जुलाबाचा त्रास असलेल्या रुग्णांच्या एका गटाला लो फॉडमॅप आहार दिला. दुसऱ्याला साधा सल्ला : वेळेवर आणि थोडं थोडं खा, तेलकट कमी करा, चहा-कॉफी कमी करा. चार आठवड्यांनी पहिल्या गटातल्या ५२ टक्के आणि दुसऱ्यातल्या ४१ टक्के लोकांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगितलं. हा फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. पोटदुखी आणि फुगणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं. म्हणजे सोपं ते आधी करून पाहायला हरकत नाही. नाश्ता बुडवून दुपारी मीटिंगच्या मधे घाईने जेवायचं आणि रात्री साडेनऊला पोटभर, हा आपला दिनक्रमही तपासायला हवा.

व्हिसाची मुदत, नोकरकपात, भारतातल्या आईवडिलांची काळजी हे सगळं आतड्यापर्यंत पोचतं. रोजचं चालणं, पुरेशी झोप आणि आतड्याच्या त्रासासाठी खास बेतलेली मानसोपचार पद्धत यांचा उपयोग होतो. मानसोपचार घेतला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. तंतूंपैकी इसबगोल बहुतेकांना मानवतो, विशेषतः बद्धकोष्ठात. इथल्या फार्मसीतलं मेटाम्युसिल म्हणजे तोच आपला इसबगोल. थोड्यापासून सुरुवात करावी आणि सोबत भरपूर पाणी प्यावं.

शेवटी यजमानांसाठी दोन गोष्टी. कार्यक्रमाच्या जेवणात पदार्थांवर चिठ्ठ्या लावल्या, कांदा-लसूण कशात आहे ते लिहिलं आणि एखादी भाजी त्यांच्याशिवाय केली, तर खर्च काहीच वाढत नाही. आणि "एक लाडू तरी घ्यायलाच हवा" हा आग्रह एकदाच करावा. नुसत्या भाताचं ताट घेतलेल्या माणसाला आपल्यात बसायचं आहे, म्हणूनच तो आलेला असतो. त्याला ताटाचा खुलासा न मागता शेजारी जागा द्यावी.