काळी वायर तोडून बघा

वसमत तालुक्यातल्या एका गॅरेजात लूनाचा जुना सांगाडा मेन स्टँडवर चढवलेला आहे. इंजिन कधीच भंगारात गेलं. मागच्या चाकात आता हब मोटार बसलीय, पायाखालच्या पत्र्यावर ४८ व्होल्टची बॅटरी आहे, सीटखाली कंट्रोलर. मालकाला हळदीच्या रानापर्यंत पांदणीने जायला एवढी गाडी पुरे. सगळी जुळवाजुळव झाली, फक्त रेस बाकी आहे.

पुण्याच्या कायनेटिकने लूना आणली १९७२ मध्ये, आणि विजेवरची लूना २०२४ मध्ये. मधल्या काळात गावोगावच्या मिस्त्रींनी कंपनीची वाट पाहिली नाही. २०२१ मध्ये पेट्रोल शंभरीपार गेलं, तेव्हा शेजारच्या अर्धापूर भागातल्या एका फूलउत्पादक तरुणाने घरी जुळवलेल्या बॅटरीच्या मोटरसायकलची बातमी झळकली होती.

जुन्या लूनाची मूठ पिळली की वायर ओढली जायची आणि कार्बोरेटरमधली स्लाइड वर यायची. वायर अडकू लागली तर हाताला आधी कळायचं. तुटली तर स्प्रिंग स्लाइडला खाली दाबायची आणि गाडी आपोआप मंदावायची. या नव्या मुठीत ओढायला काही नाही. आत एक चुंबक आणि त्याच्यासमोर हरभऱ्याच्या डाळीएवढी चिप. चुंबक सरकलं की चिपमधून निघणारा व्होल्टेज बदलतो. हा गुण एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाने १८७९ मध्ये दाखवला, म्हणून हिचं नाव हॉल सेन्सर.

मुठीतून तीन वायरी निघतात. लाल ५ व्होल्टची, काळी अर्थिंगची, तिसरी सिग्नलची. तिसरीचा रंग कधी हिरवा, कधी पांढरा. मिस्त्री रंगावर विश्वास ठेवत नाहीत, मल्टिमीटर लावतात. मूठ मोकळी असताना काटा ०.८ व्होल्टच्या आसपास हवा, पूर्ण पिळल्यावर ४ च्या जवळपास. मुख्य म्हणजे मधे कुठे उडी नको. उडी दिसली तर चुंबक ढिलं आहे, मूठ बदलायची.

बसवणं म्हणाल तर दहा मिनिटांचं काम, पण दोन जागी मिस्त्री रेंगाळतात. एक, मूठ आणि ब्रेकच्या लिव्हरमध्ये थोडी फट ठेवतात, नाहीतर सोडलेली मूठ घासून अर्ध्यातच थांबते. दुसरं, हँडल दोन्हीकडे पुरतं वळवून वायरीला सैल वळसा देतात. जोडावर डाग देऊन वर हीट श्रिंक चढवतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि हळदीच्या दिवसांत पिवळी धूळ, दोन्ही त्या जोडातच जाऊन बसतात.

पुढची परीक्षा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती फार कमी लोक करतात. मागचं चाक अधांतरी ठेवून मिस्त्री मूठ थोडी पिळतात आणि चालू गाडीची एकेक वायर मुद्दाम काढतात. लाल काढली, चाक थांबलं. सिग्नलची काढली, थांबलं. काळी काढली आणि चाक सुसाट सुटलं. अर्थिंग गेलं की चिपच्या तोंडचा व्होल्टेज वर चढून ५ कडे जातो आणि साधा कंट्रोलर त्याला ‘पूर्ण रेस’ समजतो. चांगला कंट्रोलर इतका चढलेला व्होल्टेज दोष मानून मोटार तोडतो. हा तसला नव्हता. मिस्त्रींनी तो तिथेच उतरवून ठेवला. मालकाला जादा पैसे ऐकून राग आला, पण मला विचाराल तर बॅटरीत केलेली काटकसर परवडेल, कंट्रोलरमधली नाही.

चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या ३९० ड्यूकला २०१७ पासून राइड-बाय-वायर, म्हणजे अशीच विजेच्या सिग्नलवर चालणारी रेस आहे. अशा कारखान्याच्या व्यवस्थेत मुठीची खबर एका सेन्सरवर सोडत नाहीत. दोन सिग्नल एकमेकांशी ताडून बघतात. घरच्या गाडीला एकच डोळा. म्हणून दोन्ही ब्रेकच्या लिव्हरला कट-ऑफ स्विच आणि बॅटरीच्या तोंडाशी, हाताला सहज लागेल असा एमसीबी, एवढं तरी हवंच. ब्रेक दाबताच कंट्रोलरने मोटार सोडली पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात. २५० वॉटच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली मान्यताप्राप्त ई-बाइक नोंदणीतून सुटते. घरी जुळवलेली गाडी त्या मान्यतेशिवाय सुटत नाही. एमएच-३८ची पाटी असलेल्या जुन्या गाडीत इंजिन काढून मोटार घालायची, तर मान्यता असलेलाच किट लागतो आणि आरसी बुकात आरटीओची नोंद लागते. पांदणीपुरती केलेली गाडी एक दिवस नांदेड रोडला लागतेच, हे मिस्त्रीही जाणून आहेत.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर ती मेन स्टँडवर घ्या, चाक अधांतरी आहे याची खात्री करा, एमसीबीवर हात ठेवा आणि मिस्त्रींना काळी वायर काढायला सांगा. चाक थांबलं नाही तर कंट्रोलर बदलेपर्यंत गाडी अंगणातच राहू द्या.